पाहणे आणि टिपणे

गतवर्षी उन्हाळ्यात मला युरोपचा प्रवास घडला. बारा दिवसांत पाच देश! जळगावला परत आलो, त्या दिवशी संध्याकाळी घरातील सर्व मंडळी माझ्याभोवती जमली. आई खुर्ची पुढे ओढून बसली, वहिनी हातातले काम टाकून आली, शेजारची दोन-चार मुले दारात उभी राहिली. मी मोठ्या अभिमानाने प्रवासातील छायाचित्रे एकामागून एक दाखवू लागलो. हा पॅरिसचा आयफेल मनोरा, हा पिसाचा झुकलेला मनोरा, हे रोमचे कलोसियम, ही आल्प्सची हिमशिखरे. जवळजवळ प्रत्येक चित्रात मी होतोच. कुठे मनोरा माझ्या डाव्या खांद्यामागे होता, तर कुठे हिमशिखर उजव्या खांद्यामागे.

माझी पुतणी सातवीत शिकते. ती बराच वेळ निमूटपणे पाहत होती. मग तिने विचारले, “काका, आयफेल मनोरा लोखंडाचा आहे ना? मग एवढे लोखंड एकमेकांना जोडले कशाने?”

“ते काही मला ठाऊक नाही,” मी म्हणालो.

“बरे, त्याचा रंग कोणता आहे? या चित्रात तो काळा दिसतो आणि त्या चित्रात तांबूस.”

मी पुन्हा चित्रांकडे पाहिले. त्या मनोऱ्याच्या पायथ्याशी मी तासभर उभा होतो. परंतु त्याचा रंग मला सांगता येईना.

“मग तुम्ही तिथे पाहिले तरी काय, काका?”

तिच्या बोलण्यात खोचकपणा मुळीच नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. म्हणूनच तो प्रश्न माझ्या मनाला लागला. त्या रात्री मी अंथरुणावर पडल्या पडल्या प्रवासातील एकेक दिवस आठवू लागलो, आणि माझ्या ध्यानात आले, की मला जे आठवत होते ते बहुतेक छायाचित्रांतलेच होते. छायाचित्रांच्या चौकटीबाहेरचे फारच थोडे मी घरी आणले होते.

असे का झाले? प्रवासात आमचा क्रम ठरलेला असे. गाडी थांबली, की सर्वांनी खाली उतरायचे. मार्गदर्शक माहिती सांगू लागे, तोपर्यंत आमच्यातील निम्मी मंडळी चांगली जागा धरण्यासाठी पुढे धावलेली असत. मग एकट्याचे चित्र, जोडप्याचे चित्र, सगळ्यांचे मिळून एक चित्र. तेवढ्यात निघण्याची वेळ होई. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात तर कमालच झाली. लिओनार्दो दा विंचीने काढलेले मोनालिसाचे जगप्रसिद्ध चित्र तेथे आहे. ते जेमतेम अडीच फूट उंच आणि पावणेदोन फूट रुंद आहे. त्याच्यासमोर शेकडो माणसे हात उंच करून उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता. मीही हात उंच केला, चित्र टिपले आणि गर्दीतून बाहेर पडलो. घरी आल्यावर एका पुस्तकात मी वाचले, की त्याच दालनात, मोनालिसाच्या अगदी समोरच्या भिंतीवर, व्हेरोनेझे या चित्रकाराचे ‘काना येथील विवाह’ हे भव्य चित्र आहे. ते सुमारे २२ फूट उंच आणि ३२ फूट रुंद आहे. त्या संग्रहालयात त्याहून मोठे चित्र नाही. एवढे मोठे चित्र, आणि ते मला दिसले नाही! कारण मी त्याच्याकडे पाठ करून उभा होतो.

तेव्हापासून माझे असे मत झाले आहे, की टिपणे म्हणजे पाहणे नव्हे. पाहण्याचे काम आधी डोळ्यांनी आणि मनाने केले पाहिजे; कॅमेऱ्याची पाळी त्यानंतरची. हा क्रम उलटला, की प्रवासाचा खर्च होतो, पायपीट होते, परंतु प्रवास मात्र घडत नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘छायाचित्रांवर एवढा राग कशासाठी?’ माझा छायाचित्रांवर मुळीच राग नाही. माझ्या आईला आता दूरचा प्रवास झेपत नाही. तिने आल्प्सचा बर्फ माझ्या चित्रांतूनच पाहिला आणि तिला फार आनंद झाला. शिवाय माणसाची स्मृती दुबळी असते. जुनी वास्तू पडते, चित्रांचे रंग उडतात, नदीवर धरण होते आणि काठचे गाव पाण्याखाली जाते. अशा वेळी छायाचित्र हाच एक साक्षीदार उरतो. तेव्हा कॅमेरा ही एक मोठी देणगी आहे. प्रश्न एवढाच, की तिचा उपयोग कोणी आणि कसा करावा. याचे उत्तर शोधण्यासाठी युरोपात जाण्याची गरज नाही. ते आपल्या खानदेशात आणि त्याच्या सीमेवर सापडते.

जळगावहून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर अजिंठ्याची लेणी आहेत. ज्या वाघूर नदीने तेथील डोंगराला घोड्याच्या नालासारखे वळण दिले आहे, तीच नदी पुढे जळगाव जिल्ह्यात येऊन तापीला मिळते. इ. स. १८१९ च्या एप्रिल महिन्यात जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने त्या दरीत आला, आणि शेकडो वर्षे रानात दडलेली ती लेणी त्याच्या दृष्टीस पडली. केवढे भाग्य! परंतु स्मिथने काय केले? दहाव्या लेण्यातील एका खांबावरच्या प्राचीन चित्रावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. ती अक्षरे आजही तेथे आहेत. ‘मी येथे आलो होतो’ हे जगाला सांगण्याची इच्छा माणसाला किती आंधळे करते, याचा तो खांब म्हणजे एक धडाच आहे. आपल्या किल्ल्यांच्या तटांवर आणि देवळांच्या भिंतींवर खिळ्याने नावे कोरणारे लोक स्मिथचेच वारसदार होत. आणि खरे सांगायचे, तर प्रत्येक मनोऱ्यापुढे स्वतःचे चित्र काढून घेताना माझ्या मनातही निराळे काही नव्हते. माझ्या हातून मनोऱ्याला ओरखडा उठला नाही, एवढाच काय तो फरक.

स्मिथनंतर २५ वर्षांनी, म्हणजे १८४४ साली, त्याच दरीत आणखी एक युरोपीय माणूस आला. त्याचे नाव रॉबर्ट गिल. तो मद्रासच्या सैन्यात अधिकारी होता आणि उत्तम चित्रकारही होता. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या हुबेहूब प्रती तयार करण्याचे काम ईस्ट इंडिया कंपनीने त्याच्यावर सोपवले होते. त्या काळी तेथे ना चांगला रस्ता होता, ना दिव्यांची सोय. लेण्यांत वटवाघळांची वस्ती होती आणि आसपास हिंस्र श्वापदे फिरत. अशा ठिकाणी गिल थोडीथोडकी नव्हे, सुमारे २० वर्षे काम करीत राहिला. एका चित्रापुढे दिवसच्या दिवस बसायचे, रेषेमागून रेष न्याहाळायची आणि ती मोठ्या पटावर तैलरंगांत उतरवायची, हा त्याचा उद्योग. काही वर्षांनी त्याने कॅमेराही हाती घेतला. अजिंठा, वेरूळ, लोणार अशा अनेक ठिकाणची छायाचित्रे त्याने काढली, आणि १८६४ साली ती लंडनमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

गिलच्या चित्रांची पुढे काय गत झाली, हे ऐकून वाईट वाटते. ती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेस या काचमहालात लोकांना पाहण्यासाठी मांडली होती. १८६६ च्या डिसेंबरात त्या महालाला आग लागली आणि चार-पाच चित्रे वगळता बाकीची सर्व जळून गेली. इतक्या वर्षांची मेहनत एका आगीत गेली! गिल १८७९ साली वारला. त्याची कबर आपल्या भुसावळात आहे. पुढे मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स या आपल्या गुरूबरोबर येऊन १८७२ पासून अनेक वर्षे पुन्हा प्रती तयार केल्या. त्यांतीलही पुष्कळशा १८८५ साली लंडनमधील दुसऱ्या एका आगीत नष्ट झाल्या.

स्मिथ आणि गिल हे दोघेही परदेशातून आलेले प्रवासी. दोघांनी एकच स्थळ पाहिले. पण एकाला तेथे आपले नाव लिहिण्याची घाई झाली, तर दुसऱ्याने आपल्या आयुष्याची वीस वर्षे त्या भिंतींपुढे घालवली. गिलने कॅमेरा हाती घेतला, तेव्हा त्याचे डोळे कितीतरी वर्षे लेणी पाहण्यात मुरलेले होते. म्हणूनच त्याची छायाचित्रे आजही अभ्यासकांना मोलाची वाटतात.

आता तुम्ही म्हणाल, ‘आम्हांला कुठे वीस वर्षे मिळणार? आम्ही तर सहलीला जाणार आणि संध्याकाळी परत येणार.’ खरे आहे. परंतु थोड्या वेळातही नीट पाहता येते. अमेरिकेतील लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका कलासंग्रहालयात केलेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयातून फिरवले. काही वस्तू नुसत्या पाहायच्या आणि काहींची छायाचित्रे घ्यायची, असे त्यांना सांगितले. दुसऱ्या दिवशी परीक्षा घेतली, तेव्हा असे दिसून आले, की नुसत्या पाहिलेल्या वस्तू विद्यार्थ्यांना अधिक चांगल्या आठवत होत्या. छायाचित्रे घेतलेल्या वस्तूंची आठवण कमी होती. ‘कॅमेऱ्याने टिपले आहे, आता आपण कशाला लक्षात ठेवा?’ असे जणू मन म्हणत असावे. मात्र या प्रयोगाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्यांनी वस्तूचा एखादा बारकावा निवडून, तो जवळून टिपला, त्यांची आठवण कमी झाली नाही. कारण बारकावा निवडायचा, तर आधी वस्तू निरखून पाहावी लागते. म्हणजे दोष यंत्राचा नाही. यंत्रावर सारे सोपवून आपण निश्चिंत होतो, हा दोष आपला आहे.

यंत्राचा धनी कसा असावा, हे पाहायचे असेल, तर चाळीसगावला जावे. तेथे रेल्वे स्टेशनजवळ केकी मूस यांचे घर आहे. कैखुश्रू माणेकजी मूस हे त्यांचे पूर्ण नाव. त्यांचा जन्म १९१२ साली मुंबईत झाला. तरुणपणी ते इंग्लंडला गेले आणि तेथे त्यांनी कलेचे व छायाचित्रणाचे शिक्षण घेतले. युरोपची कला त्यांना इतकी प्रिय होती, की आपल्या घराला त्यांनी रेम्ब्रांट या थोर डच चित्रकाराचे नाव दिले. जग पाहून आलेला हा माणूस चाळीसगावला परतला आणि पुढची सुमारे पन्नास वर्षे त्याने घराबाहेर क्वचितच पाऊल टाकले. १९८९ साली त्याच घरात त्यांचे निधन झाले.

घरात बसून या छायाचित्रकाराने टिपले तरी काय? त्यांनी टेबलावर लहानसहान वस्तू मांडल्या, त्यांवर हवा तसा प्रकाश पाडला आणि त्यांतून खऱ्याखुऱ्या देखाव्यांचा भास व्हावा अशी छायाचित्रे निर्माण केली. या प्रकाराला ‘टेबल-टॉप’ छायाचित्रण असे म्हणतात. त्यांच्या छायाचित्रांना देशोदेशींच्या प्रदर्शनांत अनेक पारितोषिके मिळाली. विचार करा, मित्रांनो! माझ्याजवळ पाच देश होते आणि मूस यांच्याजवळ एक टेबल होते. तरीही त्यांच्या टेबलावर जे दिसले, ते मला पाच देशांत दिसले नाही. सर्वांनी घरात बसून राहावे, असे मला मुळीच सुचवायचे नाही. अवश्य प्रवास करावा. संधी मिळाली तर परदेशीही जावे. परंतु दृष्टी ही तिकिटाबरोबर मिळत नाही, ती आपली आपणच कमवावी लागते, एवढे मूस यांच्या घरापासून शिकता येते.

ती कमवायची कशी? माझ्या चुकांतून मला जे सुचले, ते सांगतो. पहिली गोष्ट अशी, की जाण्यापूर्वी त्या स्थळाविषयी थोडे वाचावे. पुतणीच्या प्रश्नामुळे मी उशिरा का होईना, आयफेल मनोऱ्याची माहिती वाचली. तो १८८९ साली बांधून पूर्ण झाला. त्याची उंची आज ३३० मीटर आहे. त्याच्या लोखंडी पट्ट्या सुमारे २५ लाख रिव्हेटांनी जोडलेल्या आहेत. गंज चढू नये म्हणून दर काही वर्षांनी कारागीर वर चढून तो मनोरा हातांनी, ब्रशने रंगवतात, आणि आजवर त्याचे रंगही बदलत आले आहेत. उन्हाने लोखंड प्रसरण पावते, त्यामुळे उन्हाळ्यात त्याची उंची काही सेंटिमीटर वाढते! हे आधी ठाऊक असते, तर मी त्या रिव्हेटा पाहिल्या असत्या, त्यांवरून बोट फिरवले असते. पिसाचा मनोरा भुसभुशीत जमिनीमुळे खचला. १९९० मध्ये तो बंद करून अभियंत्यांनी त्याचा कल थोडा कमी केला आणि २००१ मध्ये तो पुन्हा खुला केला. हे मला माहीत असते, तर तळहाताने मनोरा सावरून धरल्याचे नाटक करण्यात मी सारा वेळ घालवला नसता. त्याच्या पायथ्याची जमीन तरी नीट पाहिली असती.

दुसरी गोष्ट अशी, की कोणत्याही स्थळी पोहोचताच पहिली पाच मिनिटे कॅमेरा बाहेर काढू नये. नुसते उभे राहावे. प्रकाश कोणत्या बाजूने येतो, दगड गार आहे की तापलेला, आवाज कोणते आहेत, इकडे मन लावावे. एकदा तरी मागे वळून पाहावे. तिसरी गोष्ट म्हणजे, शंभर चित्रे घेण्यापेक्षा एक चित्र विचारपूर्वक घ्यावे, आणि ते का घेतले हे एका ओळीत वहीत लिहून ठेवावे. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. त्या स्थळाला आपल्यामुळे इजा होता कामा नये. प्रखर प्रकाशाने जुन्या रंगांची हानी होऊ नये, म्हणून अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. ती कोणी पाहत नसतानाही पाळली पाहिजे.

या साऱ्याचा सराव करण्यासाठी दूर जायला नको. धुळ्याची मुले मुंबईच्या महामार्गावर लळिंगच्या किल्ल्याशी थांबू शकतात. मुक्ताईनगरकडची मुले तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेवाच्या मंदिरापुढे उभी राहू शकतात. पाटणादेवीच्या रानात चाळीसगावच्या मुलांना पुरातन मंदिर पाहता येते. जो लळिंगचा तट नीट पाहायला शिकला, तो उद्या रोमला गेला, तर तेथील कलोसियमही नीट पाहील.

दिवाळीच्या सुटीत मी पुतणीला घेऊन अजिंठ्याला गेलो. फर्दापूरहून लेण्यांकडे जाताना मी तिला पाच मिनिटांचा नियम सांगितला आणि मोबाइल पिशवीत ठेवला. पहिल्या लेण्यात शिरलो, तेव्हा आत काहीच दिसेना. आम्ही तसेच उभे राहिलो. हळूहळू डोळे अंधाराला सरावले आणि हाती नीलकमळ धरलेला, खाली पाहणारा पद्मपाणी भिंतीतून जणू पुढे आला. आमच्या मागून आलेले काही लोक मोबाइल उंच करून, चित्र टिपून निघूनही गेले होते.

एवढ्यात पुतणीने माझा हात ओढला. “काका, तो खांब पाहा! चार हरणे आहेत, पण डोके एकच!”

मी वर पाहिले. खांबाच्या माथ्यावर शिल्पकाराने चार हरणांची शरीरे अशी कोरली होती, की मधले एकच मस्तक कोणत्याही हरणाचे वाटावे. या लेण्यात मी पूर्वी तीनदा आलो होतो. घरी माझ्याजवळ येथली चाळीस तरी छायाचित्रे आहेत. पण ही हरणे मी प्रथमच पाहत होतो.

“काढू का याचे चित्र?” मी विचारले.

“थांबा ना,” ती म्हणाली. “मला अजून पाहायचे आहे.”